आमेन ते गणपूर्ती

महापौर होण्याआधी भरून द्यायच्या फॉर्ममध्ये मी एकच रकाना रिकामा सोडला होता. त्यावर लिहिलं होतं 'चॅप्लेन'.

आमचा हेदरली बरो, म्हणजे नगरपालिकेचा इलाखा, लंडनमधल्या ईलिंगच्या पश्चिमेला आणि स्लाऊच्या अलीकडे आहे. दोन्हीकडच्या बसेस जिथून वळून परत जातात, तिथे. कौन्सिलमध्ये आम्ही त्रेचाळीस सभासद. महापौरपद ज्येष्ठतेनुसार दरवर्षी पुढे सरकतं, आणि सरकत सरकत ते माझ्यापाशी आलं. मी निवृत्त रक्तविकारतज्ज्ञ. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या. त्या मधे बोलत नाहीत.

"हा रकाना राहिलाय," मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या. त्या कौन्सिलच्या सचिव, वेल्समधल्या. गेली बावीस वर्षं महापौर येतात आणि जातात, त्या असतात. "सभेच्या आरंभी प्रार्थना कोण म्हणणार, ते महापौरांनी ठरवायचं असतं."

"पण मी देव मानत नाही."

"तशी अट नाही," त्या म्हणाल्या. "मागे एका महापौरांनी रकाना रिकामा ठेवला होता. प्रार्थनेऐवजी एक मिनिट शांतता पाळायचं ठरलं. ती सुरू कुणी करायची यावर चाळीस मिनिटं वाद झाला."

घरी मी हे माधवला सांगितलं. माधव माझा नवरा, निवृत्त भूलतज्ज्ञ. महापौरांच्या जोडीदाराला कौन्सिलकडून एक पदक मिळतं, निळ्या फितीत ओवलेलं. ते गळ्यात घालून तो आरशासमोर उभा होता.

"लग्नात मी तुला घातलं," तो म्हणाला, "पस्तीस वर्षांनी तुझ्या कौन्सिलनं मला घातलं. आता मला हळदीकुंकवालाही बोलवा."

"चॅप्लेनचं सांग."

"राफाएलला कर की."

राफाएल नवगावकर आमच्या जुन्या हॉस्पिटलात प्लास्टर रूममध्ये होते. तीस वर्षं लोकांच्या मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घातलं. मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. इंग्रजी कामापुरतं, मराठी मनापासून. त्यांच्या लहानशा प्रार्थनामंडळीत हिब्रू वाचणारे ते शेवटच्या दोघांपैकी एक होते. बायको, अदीना, तीन वर्षांपूर्वी गेली आणि तेव्हापासून ते घराबाहेर पडेनासे झाले. मुलगी जेमिमा मँचेस्टरला. दर रविवारी ती फोनवर सांगायची, पपा, इकडे या, आमच्या मागच्या गल्लीत म्हाताऱ्यांसाठी छान फ्लॅट आहेत, वॉर्डन असतो. राफाएलभाऊ म्हणायचे, वॉर्डन तुरुंगात असतो.

मी विचारायला गेले तेव्हा ते स्वयंपाकघरात पायमोजे रफू करत होते.

"डॉक्टरबाई, मी काय रब्बी आहे?"

"तशी अट नाही," मी मिसेस प्रिचर्डांच्या आवाजात म्हटलं. "दीड मिनिटाच्या आत आटोपायचं, एवढंच माझं म्हणणं आहे."

"आणि तुम्ही? तुम्ही डोळे मिटणार?"

"मी घड्याळ बघणार."

ते हसले. मग त्यांनी जेमिमाला माझ्यासमोरच फोन लावला. "ऐक, मला नोकरी लागली," ते म्हणाले. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. शेवटी करार ठरला: हे काम आहे तोवर पपा इथे, काम संपलं की मँचेस्टर.

ते एकाच वर्षाचं काम आहे हे मी जेमिमाला सांगितलं नाही. सुदैवानं तशी वेळही आली नाही, कारण माझ्यानंतरच्या महापौर, तनू ग्रेवाल, यांनी उन्हाळ्यातच मला सांगून टाकलं की पुढच्या वर्षीही हाच माणूस हवा. मला तेव्हा वाटलं, दुसरा शोधण्याचा कंटाळा.

पहिली प्रार्थना अडतीस सेकंदांची झाली. हिब्रूत एक ओळ, मग इंग्रजीत: "देवा, प्लास्टर वाळायला वेळ लागतो. तो वाळेपर्यंत पाय हलवायचा नाही, एवढी बुद्धी इथल्या सगळ्यांना दे. आमेन." टेकून उभे राहिलेले दोन सभासद चपापून सरळ झाले. राफाएलभाऊंनी मान तुकवली आणि लॉबीच्या दारानं बाहेर गेले. प्रार्थनेनंतर चॅप्लेननं बाहेर जायचं असतं. पुढच्या कामकाजात त्याला जागा नाही. सात-वीसच्या बसनं ते घरी जात, कारण इन्शुलिन आणि जेवण आठच्या आत लागे.

ज्यांना प्रार्थना नको असेल त्यांनी ती होईपर्यंत त्याच लॉबीत थांबायचं आणि नंतर आत यायचं, अशी आमच्याकडे जुनी सोय आहे. मला ती नाही. महापौर मागच्या दारानं येतात, पुढे चांदीचा दंड खांद्यावर घेतलेला चोपदार, आणि सगळं संपल्यावर त्याच दारानं परत जातात. वर्षभर ज्या इमारतीची मी पहिली नागरिक होते, तिची लॉबी मला कधी दिसली नाही.

व्यासपीठावरून मला सभागृह दिसे, आणि जे दिसतं ते मोजायची मला सवय आहे. अजेंड्याच्या मागच्या कोऱ्या पानावर मी तक्ता आखला. प्रार्थनेला हजर सभासद: मे, चाळीस. जुलै, चौतीस. सप्टेंबर, पंचवीस. ऑक्टोबर, अठरा. डिसेंबर, अकरा. शेजारी आणखी एक स्तंभ होता: आमेन ते गणपूर्ती. म्हणजे प्रार्थना संपल्यापासून कामकाजाला लागणारे किमान बावीस लोक आपापल्या जागी बसेपर्यंत गेलेली मिनिटं. मेमध्ये असा प्रश्नच नव्हता. ऑक्टोबरपासून मात्र तेवढे येईपर्यंत वाट पाहावी लागायची, आणि डिसेंबरमध्ये तर सात मिनिटं गेली. समासात बारीक अक्षरात मी लिहिलं होतं: 'शिस्तीचा ऱ्हास. लॉबीचं दार जड?' त्याखाली: 'सभागृहात आल्याचा वास. फरशी पुसायचं नवीन रसायन?'

हा तक्ता मी नीलला दाखवला. चूक तिथे झाली.

नील आमच्या जुन्या मित्राचा, अंबरीशचा, मुलगा. वय एकतीस, जन्म स्लाऊचा, कौन्सिलमधला सगळ्यात तरुण सभासद. लहानपणी शनिवारच्या मराठी वर्गात मी मुलांना विज्ञानाचे प्रयोग दाखवायचे. 'सांगितलं म्हणून मानायचं नाही, मोजून बघायचं' हे वाक्य तो माझ्याकडूनच शिकला. प्रार्थनेला तो पहिल्या दिवसापासून लॉबीत थांबत असे.

"मावशी, हा टेबल खूप भारी आहे," तो म्हणाला. मराठीतली लिंगं तो अंदाजानं लावतो. "चाळीस ते अकरा! इट्स अ स्ट्रेट लाइन!"

"जवळजवळ."

"म्हणजे लोकांना प्रेयर नको आहे. मी मोशन आणणार. चॅप्लेनची पोस्टच बंद करायची."

"नील, राफाएलकाकांना तू ओळखतोस."

"ओळखतो म्हणजे? ते माझे फेव्हरिट आहेत! पण मावशी, तत्त्व वेगळं, माणूस वेगळा. हे पण तुम्हीच शिकवलं."

शिकवलं होतं. प्रश्नपत्रिका आपणच काढावी आणि आपणच नापास व्हावं, तसं काहीसं वाटलं.

ठराव जानेवारीच्या सभेत यायचा होता. मिसेस प्रिचर्डांनी फोनवर फोन करून अंदाज काढला. "मॅडम मेयर, मला एकवीस विरुद्ध एकवीस दिसतायत. मग तुमचं निर्णायक मत."

त्या रात्री मला झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही; मला झोप लागते. पण सकाळी चहा करताना मी दोनदा आधण ठेवलं.

"प्रॉब्लेम काय आहे?" माधवनं विचारलं. "तू चाळीस वर्षं हेच म्हणत आलीस. सरकारी कामात देव नको."

"हो."

"आकडेही तुझेच."

"हो."

"मग राफाएलला मँचेस्टरला सोडायला मी गाडी काढतो. चार तासांचा रस्ता आहे. तेवढा वेळ त्याच्याशी काय बोलायचं ते तू ठरव."

सभेच्या आदल्या दिवशी मी राफाएलभाऊंकडे गेले. त्यांना सगळं ठाऊक होतं. दिवाणखान्यात खोकी होती. दोन भरलेली, एक अर्धं.

"आवराआवर. केव्हातरी करायचीच होती," ते म्हणाले. "तुम्ही असं तोंड करू नका, डॉक्टरबाई. मी एलियाहू हनाबीला नवस बोललोय."

"कसला?"

"नवस आधी सांगायचा नसतो. पुरा झाला की मलिदा करीन, तेव्हा या." एलियाहू हनाबी त्यांचा नवसाला पावणारा प्रेषित, आणि मलिदा म्हणजे त्याचा नवस फेडायचा प्रसाद: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. हॉस्पिटलात असताना मी तो बऱ्याचदा खाल्ला होता, कारण राफाएलभाऊ लहानसहान गोष्टींसाठीही नवस बोलत. एकदा लिफ्ट दुरुस्त व्हावी म्हणून बोलले होते.

सभेच्या संध्याकाळी मी आत आले तेव्हा सभागृहात सात सभासद होते. तक्त्यात 'सात' लिहिलं. राफाएलभाऊ उभे राहिले. काळा सूट, डोक्यावर अदीनाबाईंनी विणलेली टोपी.

"देवा," ते म्हणाले, "प्लास्टर काढल्यावर हात बारीक आणि परका दिसतो. माणूस घाबरतो. घाबरू नये. तो आपलाच हात असतो. आमेन."

सव्वीस सेकंद. ते लॉबीच्या दारानं बाहेर गेले.

मी घड्याळ लावलं. दोन मिनिटं. पाच. कुणीच येईना. आठ मिनिटांनी मी मिसेस प्रिचर्डना म्हटलं, "जरा सभासदांना बोलवता का?" त्या गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

अकरा मिनिटं. मी चोपदाराकडे पाहिलं. बर्नार्ड हा सहा फुटी, माजी सैनिक. मानेचा स्नायूही न हलवता दोन तास उभा राहू शकतो. "बर्नार्ड, कृपा करून पाहा." त्यानं दंड टेबलावर ठेवला आणि, मला आता आठवतं, जरा जास्तच तत्परतेनं गेला. तोही परत आला नाही.

समोरच्या सातांपैकी एक गृहस्थ हळूच उठले. "मी पाहतो, मॅडम मेयर." त्यांच्यामागून आणखी दोघे. उरले चार. त्यातले एक झोपले होते.

चौदाव्या मिनिटाला मी उठले. महापौरांनी लॉबीच्या दारानं बाहेर जाण्याची पद्धत नाही, पण तशी मनाई करणारा नियम मला नियमावलीत सापडला नव्हता. झगा उचलून धरला आणि दार ढकललं. दार अजिबात जड नव्हतं.

बाहेर रांग होती.

इंग्रजी रांग. सरळ, गप्प, दोन माणसांत हातभर अंतर. ती दारापासून सुरू होऊन जिन्याच्या कठड्याला वळसा घालून, जुन्या महापौरांच्या तसबिरींखालून, खिडकीजवळच्या बाकापर्यंत गेली होती. बाकावर राफाएलभाऊ बसले होते, मांडीवर आलेपाकाचा डबा. सगळी लॉबी आल्यानं दरवळत होती.

समोर उपमहापौर तनू ग्रेवाल. "तर मग तिला मी फोन करू की वाट पाहू?"

"फोन करा. सासू आहे, हाड नाही. वाट पाहून जुळत नाही," राफाएलभाऊ म्हणाले आणि तनूंच्या हातावर आलेपाकाची वडी ठेवली. "नेक्स्ट."

नेक्स्ट विरोधी पक्षाचे नेते होते. त्यांनी मनगट पुढे केलं. बरंच मागे मिसेस प्रिचर्ड. बावीस वर्षांत ज्यांच्या चेहऱ्यावर मी काही पाहिलं नव्हतं, त्या लाल झाल्या. बर्नार्ड, सभासदांना पुढे जाऊ देऊन, अगदी शेवटी, सावधान उभा. आणि पाचव्या जागी, हातात चॅप्लेनपद रद्द करण्याच्या ठरावाचा कागद धरून, नील.

"नील!"

सगळी रांग माझ्याकडे वळली. कुणी जागा मात्र सोडली नाही.

"मावशी... बाबा अजून गाडी चालवतो," नील मराठीत, घाईघाईनं म्हणाला. "डोळे गेलेत त्याचे. माझं ऐकत नाही. राफाएलकाका दर महिन्याला थोडं थोडं समजावतात. आज लास्ट चान्स आहे ना. म्हणून सगळे आलेत."

"हे असं कधीपासून?"

"फर्स्ट मीटिंगपासून. मी एकटाच बाहेर होतो, तर काकांनी मला विचारलं, उपाशी आहेस का? मग जुलैमध्ये अजून पाच जण आले. काका सात-वीसच्या बसनं जातात, म्हणून वेळ कमी. प्रेयर ऐकून बाहेर आलं तर नंबर मागे लागतो. म्हणून लोक आधीच बाहेर थांबतात."

त्याच्या डोळ्यांत मला माझा तक्ता दिसला, आणि माझ्या डोळ्यांत बहुधा त्याला.

"ओह," नील म्हणाला.

पेशी मोजताना पहिला धडा असतो तो हा: काचेवर नसलेल्या पेशी रक्तातही नाहीत असं समजायचं नाही. कदाचित त्या दुसरीकडे, जखमेपाशी, गोळा झाल्या असतील. हे मी पस्तीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले. आणि सहा महिने एका दाराच्या आतल्या बाजूला उभी राहून, बाहेर गेलेल्या माणसांना 'ऱ्हास' असं नाव देऊन बसले होते.

"डॉक्टरबाई," राफाएलभाऊ बाकावरून म्हणाले, "तुम्हाला नंबर हवा असेल तर बर्नार्डच्या मागे."

"मला गणपूर्ती हवी आहे," मी म्हटलं. "तुम्ही आज सात-वीसची बस सोडा. माधव इन्शुलिन आणि डबा घेऊन येईल. रांगेतल्या सगळ्यांना सभेनंतर त्यांचा त्यांचा नंबर मिळेल. मिसेस प्रिचर्ड, यादी करा."

त्यांनी केली. कामकाजात त्यांनी इतकी सुबक यादी कधी केली नव्हती.

सभा सुरू झाल्यावर मी उभी राहिले. "ठरावासोबत एक तक्ता जोडला आहे. तो मी केला आहे आणि त्यातले आकडे बरोबर आहेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक आहे. मी सभागृहातली माणसं मोजली, लॉबीतली मोजली नाहीत. ही चूक नोंदवून घ्यावी."

जाहीर सभेत आपली चूक सांगणारा महापौर लोकांनी फारसा पाहिला नसावा. मागच्या बाकावरचे झोपलेले गृहस्थ जागे झाले.

नीलनं ठराव मागे घेतला नाही. मला ते आवडलं. तो म्हणाला की तक्ता बाजूला ठेवला तरी त्याचं तत्त्व उरतंच. कौन्सिल सगळ्यांचं आहे, तिथं प्रार्थना नसावी. आणि मिस्टर नवगावकर हे या इमारतीतलं सर्वांत उपयोगी खातं आहे, हेही त्याला तितकंच मान्य आहे. दोन्ही वाक्यं त्यानं एका दमात म्हटली. मग हात वर झाले. ज्यांचे नंबर यादीत पहिले होते त्यांच्यापैकी कित्येकांनी ठरावाच्या बाजूनं हात वर केले. माणसं मोजणं सोपं असतं, ओळखणं नाही.

एकवीस विरुद्ध एकवीस.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लॉबीच्या दाराला एक वाटोळी काच आहे. तिच्यात एक विणलेली टोपी दिसली आणि लगेच बाजूला झाली.

"चाळीस वर्षं माझं मत ठरावाच्या बाजूचं होतं," मी म्हटलं. "अजूनही बरंचसं आहे. पण तपासणीत चूक सापडली तर रोग्याचं औषध बंद करत नाहीत. आधी तपासणी पुन्हा करतात. मी ठरावाच्या विरुद्ध मत देते. प्रयोग वर्षभरानं पुन्हा करावा, आणि मोजणारीला लॉबीत जायची मुभा असावी."

बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज आला. नंतर कळलं, तो आलेपाकाचा डबा होता.

रविवारी आम्ही मलिद्याला गेलो. खोकी रिकामी होती. एकात माधवनं पाय घालून पाहिला आणि तो अडकला. जेमिमा फोनच्या पडद्यावर होती. "काम अजून आहे म्हणतात," ती इंग्रजीत सुस्कारली, "आणि आता ओव्हरटाइमसुद्धा."

"नवस पुरा झाला तर," मी ताट हातात घेत म्हटलं.

"कुठला?" राफाएलभाऊ म्हणाले. "मी मागितलं होतं, डॉक्टरबाईंवर मत द्यायची पाळी येऊ नये. आली की."

"मग मलिदा कशाला?"

"त्यात एलियाहूचा काय दोष? तुमच्या कौन्सिलला एक हात इकडचा तिकडे करता आला नाही. खा."

फेब्रुवारीपासून त्यांनी वेळ बदलली. प्रार्थना आधी, रांग सभा संपल्यावर; मधल्या वेळात माधवनं आणलेलं इन्शुलिन आणि डबा. प्रार्थनेला एकेचाळीस जण हजर होते. लॉबीत फक्त नील, तत्त्वासाठी. त्याला राफाएलभाऊ जाता जाता एक वडी देऊन आले. सभा, जी एरवी तीन तास चालते, एक तास पस्तीस मिनिटांत आटोपली. कुणीही दुसऱ्यांदा बोलायला उठलं नाही. मी तक्त्यात नोंद केली आणि समासात लिहिलं: 'एकच निरीक्षण. निष्कर्ष काढू नये.'

मग गळ्यातली महापौरपदाची साखळी काढून मिसेस प्रिचर्डांकडे ठेवायला दिली आणि लॉबीच्या दारानं बाहेर पडले. माझा नंबर सतरावा होता. पुढे बर्नार्ड होता. माझी पाळी यायला अर्धा तास लागला.

"काय दुखतंय, डॉक्टरबाई?"

"काही नाही. रांग मोजत होते."

राफाएलभाऊंनी सरकून बाकावर जागा केली आणि डबा पुढे धरला.

"बसा," ते म्हणाले. "पहिल्यांदा सगळे असंच काहीतरी सांगतात."